दोन चौकटींमधली करामत जशीच्या तशी राहू द्या

फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस यांच्या ‘अ ट्रिप टू द मून’ या १९०२ सालच्या मूकपटात चंद्राच्या पोटातल्या गुहेमध्ये एक चंद्रवासी उड्या मारत पृथ्वीवरून आलेल्या पाहुण्यांसमोर येतो. पाहुण्यांचे म्होरके प्राध्यापक बार्बांफुयी त्याला छत्रीचा तडाखा देतात आणि तो जागच्या जागी धुराचा लोट होऊन नाहीसा होतो. हे नाहीसे होणे फितीवरच्या कोणत्याही चौकटीत (फ्रेममध्ये) नाही. एका चौकटीत नट सदेह उभा आहे, लगेचच्या चौकटीत त्याच्या जागी धूर आहे आणि त्या दोहोंच्या मध्ये काहीही नाही. सेकंदाला साधारण १६ चौकटींच्या वेगाने फीत सरकत असताना डोळ्याला ही फट जाणवत नाही, मनच ती भरून काढते आणि आपण म्हणतो की माणसाचा धूर झाला.

इंटरनेटवर आज अशा जुन्या चित्रपटांच्या ‘सुधारित’ आवृत्त्या जागोजागी दिसतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्या तीक्ष्ण केलेल्या असतात, रंगवलेल्या असतात आणि सेकंदाला ६० चौकटींच्या वेगाने गुळगुळीत चालणाऱ्या असतात. चित्रपटाचे फ्रेंच आद्यप्रवर्तक ल्युमिएर बंधू यांच्या, स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीच्या चित्रपटाची अशी आवृत्ती २०२० च्या सुरुवातीला जगभर पाहिली गेली आणि त्यानंतर या प्रकाराला जोर चढला. १६ चौकटींच्या ६० करायच्या म्हणजे दर सेकंदाला किमान ४४ चौकटी नव्याने तयार कराव्या लागतात. आगगाडीच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही, कारण गाडी खरोखरच एका जागेहून दुसऱ्या जागी सरकत होती आणि संगणकाने केलेला मधल्या स्थितीचा अंदाज बहुधा जवळपास बरोबर येतो. चंद्रवासीच्या बाबतीत मात्र मधली स्थिती अस्तित्वातच नव्हती. मागची भिंत तीच, बाजूचे नट तेच, बदलला तो एकच माणूस, त्यामुळे येथे दृश्य बदलले हे संगणकाच्या लक्षात येत नाही. तो नटाच्या आकृतीतून धुराकडे जाणारी दोन-तीन चित्रे स्वतः बनवतो, आणि जो चंद्रवासी क्षणात फुटायला हवा तो वितळलेल्या मेणासारखा पसरत जातो.

माझे म्हणणे असे आहे की करामतपटांच्या, म्हणजे अशा युक्त्यांवर उभ्या असलेल्या चित्रपटांच्या, बाबतीत ही प्रक्रिया कृतीचाच लोप करते आणि तिला जीर्णोद्धार हे नाव देणे चूक आहे. मूकपटांच्या काळातील विज्ञानकथापटांचे मोल त्यांच्या कथानकांत फार थोडे आहे. चंद्रावर जाणारा तोफगोळा किंवा माणसासारखा यंत्रमानव आता कोणालाही नवा नाही. त्यांचे मोल ते कसे केले गेले यात आहे, आणि त्या करण्याचा एकमेव विश्वसनीय साक्षीदार म्हणजे ती फीत. तिच्यावरचे जोड, दुहेरी चित्रणाच्या कडा, ब्रशच्या ओघळत्या रेषा हे सगळे दोष म्हणून पुसून टाकले, तर मागे उरते ते फक्त एक गमतीदार जुने चलच्चित्र. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संग्रहालयांनी तरी हा मार्ग धरू नये, आणि आपल्याकडे मूकपटांच्या जतनासाठी सरकार खर्च करत असताना हा प्रश्न वेळीच उघडपणे चर्चेला यायला हवा.

मेलिएस हे मुळात जादूगार. १८८८ मध्ये त्यांनी पॅरिसमधले रोबेर-हूदँ नाट्यगृह विकत घेतले, २८ डिसेंबर १८९५ च्या ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या जाहीर चित्रपट प्रयोगाला ते हजर होते, आणि १८९७ मध्ये त्यांनी मोंत्रय येथे काचेच्या भिंतींचा आणि काचेच्याच छताचा स्टुडिओ उभारला. दिवसाच्या उजेडात, एका जागी पक्क्या बसवलेल्या कॅमेऱ्यासमोर ते काम करत. १९०१ च्या एका चित्रपटात एक शास्त्रज्ञ टेबलावर ठेवलेल्या आपल्याच मुंडक्यात भात्याने हवा भरतो आणि ते मुंडके फुग्यासारखे मोठे होत जाते. हे त्यांनी साधले ते असे: शरीर काळ्या कापडात झाकून, फक्त डोके उघडे ठेवून मेलिएस एका गाड्यावर बसले आणि तो गाडा तिरप्या रुळांवरून कॅमेऱ्याच्या दिशेने ओढला गेला. जवळ येताना डोके मोठे दिसू लागले, आणि रुळांना अचूक उतार दिलेला असल्यामुळे मानेचा खालचा भाग मात्र सतत टेबलाच्या पातळीवरच राहिला. प्रयोगशाळेचा देखावा आणि हे डोके अशी दोन चित्रणे एकाच निगेटिव्हवर घेतली गेली, त्यासाठी फीत गुंडाळून पुन्हा सुरुवातीला आणावी लागे, आणि दुसऱ्या चित्रणात एखादी हालचाल क्षणभर चुकली तर पहिले चांगले चित्रणही वाया जाई. दोनदा कॅमेऱ्यातून गेलेल्या फितीवरची दोन चित्रे एकमेकांच्या तुलनेत केसभर थरथरतात. ही थरथर दिसते म्हणूनच आपल्याला कळते की येथे दोन चित्रणे आहेत. चित्र ‘स्वच्छ’ आणि ‘स्थिर’ करणारी प्रणाली सर्वांत आधी तीच घालवते.

या खुणांना संशोधनात किती किंमत आहे याचे एक ठोस उदाहरण देता येते. वस्तू किंवा माणूस अचानक बदलण्याची मेलिएस यांची युक्ती म्हणजे कॅमेरा थांबवणे, बदल करणे आणि कॅमेरा पुन्हा सुरू करणे एवढीच आहे, असे बराच काळ मानले जात होते. पॅरिसच्या चौकात चित्रण करताना कॅमेरा अडकला आणि पडद्यावर प्रवासी गाडीची शववाहिका झाली, हा किस्सा खुद्द मेलिएस सांगत असत. जाक मालतेत या फ्रेंच संशोधकाने १९८० च्या दशकात मूळ फिती जवळून तपासल्या, तेव्हा या बदलांच्या जागी फीत कापून चिकटवल्याचे जोड सापडले. कॅमेरा थांबताना आणि सुरू होताना वेग कमीजास्त होऊन काही चौकटी बिघडतात, त्या काढून टाकून नटाच्या अंगाचा झोक दोन्ही बाजूंना नेमका जुळेल अशा ठिकाणी मेलिएस यांनी फीत सांधली होती. चित्रपटांत संकलन नावाची कला पुढे इतरांनी आणली आणि मेलिएस फक्त रंगमंचाचे चित्रण करत राहिले, हा जुना समज त्या सांध्यांमुळे ढासळला. हे जोड कोणी आधीच पुसून टाकले असते, तर चित्रपटाच्या इतिहासातला हा महत्त्वाचा निष्कर्ष निघालाच नसता.

रंगांचीही हीच गोष्ट आहे. ‘अ ट्रिप टू द मून’च्या काही प्रती रंगीत विकल्या जात. पॅरिसमध्ये एलिझाबेथ त्युइये यांचा रंगकामाचा कारखाना होता आणि तेथे दोनशेहून अधिक स्त्रिया काम करत, असे त्यांनीच पुढे सांगितले होते. रात्री त्युइये रंग निवडून नमुने तयार करत, दिवसा कामगार स्त्रिया पारदर्शक रंग बारीक ब्रशने एकेका चौकटीवर भरत, आणि प्रत्येकीकडे एकच रंग असे. एकीचा पिवळा भरून झाला की फीत दुसरीकडे तांबड्यासाठी जाई. या चित्रपटात १३,३७५ चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकट बोटाच्या दोन पेरांएवढीही रुंद नाही. त्यामुळे रंग कडेबाहेर जातात, एका चौकटीतून पुढच्या चौकटीत जाताना हेलकावतात, कधी झग्याचा काठ सोडून हवेत तरंगतात. त्या स्त्रियांपैकी जवळजवळ कोणाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. त्यांच्या कामाची एवढीच नोंद जगात आहे आणि ती त्या हेलकाव्यात आहे. संगणकाने कातडीला गव्हाळ, आकाशाला निळे आणि कोटाला तपकिरी असे कडेकोट बंदिस्त रंग दिले की त्या नोंदीची जागा दुसऱ्याच कोणाच्या सरासरी अंदाजाने घेतलेली असते.

येथे एक सबळ आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतला जायलाच हवा. ज्या रंगीत प्रतीविषयी मी एवढ्या आस्थेने लिहितो आहे, तीच आज आपल्याला दिसते ती संगणकामुळे. १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या फिल्मोटेका दे कातालुन्या या संग्रहालयाकडे ती आली, १९९९ मध्ये पॅरिसच्या लॉब्स्टर फिल्म्स या संस्थेकडे गेली, तेव्हा रिळाचा जवळजवळ एकसंध गोळा झाला होता. रासायनिक वाफांनी फीत सैल करत, एकेक तुकडा सोडवत, त्याचे छायाचित्र घेत हे काम वर्षानुवर्षे चालले. पुढे संगणकावर ते तुकडे जुळवले गेले, आणि जेथे रंगीत चौकट पूर्ण नष्ट झाली होती तेथे कृष्णधवल प्रतीतली चौकट घेऊन तिला आसपासच्या चौकटींप्रमाणे रंग दिला गेला. मे २०११ मध्ये कान महोत्सवात हा चित्रपट नव्या संगीतासह दाखवण्यात आला. तेव्हा संगणकाने रंगवलेल्या चौकटी त्यातही आहेत, हे खरे आहे. शिवाय मेलिएस स्वतःच रंगीत आणि कृष्णधवल अशा दोन्ही प्रती विकत होते, म्हणून ‘मूळ’ रूप एकच आहे असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हा आक्षेप मला मान्य आहे आणि तरीही माझे मत बदलत नाही. त्या कामात कोणती चौकट कोठून आली हे काम करणाऱ्यांना ठाऊक होते आणि काय केले ते त्यांनी जाहीरपणे मांडले. रंग दिला गेला तो शेजारच्या, हाताने रंगवलेल्या चौकटीच्या पुराव्यावरून. त्यांचा संगणक हरवलेल्या जागेपुरता थांबला. त्या जीर्णोद्धारावरही टीका झाली आहे, चित्र फारच नितळ केले गेले असे काही जाणकारांना वाटते, आणि ही टीका करता येते याचे कारणच असे की केलेले काम तपासण्यासाठी काहीतरी शिल्लक आहे. घरबसल्या चालवलेल्या प्रणालीला जे आहे आणि जे नाही यात फरक करता येत नाही. ती सगळ्याच चौकटी पुन्हा बनवते आणि कोणत्या बदलल्या हे सांगण्याची सोयच ठेवत नाही.

पुराव्याशी प्रामाणिक राहून काम करण्याचा याहून चांगला नमुना जर्मनीत सापडतो. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ या विज्ञानकथापटाचा पहिला खेळ १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये झाला आणि त्यानंतर काही महिन्यांतच त्याची मोठी काटछाट झाली. या चित्रपटातली उत्तुंग शहरे ऑयगेन शुफ्टान यांच्या आरशाच्या युक्तीने उभी राहिली. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांच्या कोनात आरसा ठेवायचा, त्यात बाजूला मांडलेल्या लहान प्रतिकृतीचे प्रतिबिंब दिसेल असे पाहायचे, आणि नट जेथे दिसायला हवेत तेवढ्याच जागेवरचा आरशाचा मुलामा खरवडून काढायचा. मग लांबवर उभे असलेले खरे नट त्या उघड्या काचेतून दिसतात आणि प्रतिकृतीच्या पायऱ्यांवर वावरल्यासारखे वाटतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच निगेटिव्हवर उतरतात. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात या चित्रपटाची १६ मिलिमीटरची प्रत मिळाली आणि तिच्यात हरवलेल्या दृश्यांपैकी सुमारे २५ मिनिटांचा भाग होता. त्या प्रतीवर खोल ओरखडे होते आणि चौकटीच्या कडाही कापल्या गेल्या होत्या. २०१० च्या जीर्णोद्धारात हा भाग शक्य तितका साफ करून चित्रपटात जेथल्या तेथे बसवला गेला, पण ओरखडे पूर्ण लपवले गेले नाहीत आणि कापली गेलेली कड काळीच ठेवली गेली. प्रेक्षकाला कोणत्या क्षणी अर्जेंटिनातली प्रत सुरू झाली हे सहज ओळखता येते. उत्खननात सापडलेल्या रांजणाची फुटकी जागा संग्रहालयवाले साध्या मातीने भरतात आणि तिच्यावर नक्षी काढत नाहीत, त्यातलाच हा संयम आहे. त्या ओरखड्यांमुळे कोणी ‘मेट्रोपोलिस’ अर्ध्यात सोडून उठून गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तरुण प्रेक्षकांना धडपडत चालणारी, डाग पडलेली चित्रे पाहवत नाहीत, म्हणून सुधारणा हवी, असा दुसरा मुद्दा मांडला जातो. यातला बराचसा दोष फितीचा नाहीच. सेकंदाला १६ चौकटींनी चित्रित केलेले चित्रपट वर्षानुवर्षे २४ च्या वेगाने दाखवले गेले, म्हणून माणसे तुरुतुरु पळताना दिसली आणि मूकपट म्हणजे विनोदी धावपळ अशी समजूत रुजली. योग्य वेग, चांगल्या प्रतीवरून घेतलेले स्कॅन आणि साजेसे संगीत एवढे जरी दिले तरी हे चित्रपट शाळकरी मुलांनाही बांधून ठेवतात. ज्याला त्यापुढे जाऊन स्वतःची रंगीत आवृत्ती करायची आहे त्याने ती जरूर करावी. जुन्या कृतींवरून नव्या कृती होणारच, आणि त्यावर बंदी असावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझी हरकत आहे ती अशी आवृत्ती ‘रिस्टोअर्ड’ म्हणून, मूळ कर्त्याच्या नावाने आणि काय बदलले याची एका ओळीचीही नोंद न देता फिरते, याला.

नावाचा आणि नोंदीचा हा आग्रह मेलिएस यांच्या आयुष्याकडे पाहून अधिकच पटतो. त्यांचा चंद्राचा चित्रपट अमेरिकेत पोहोचला तो मुख्यतः चोरलेल्या प्रतींच्या रूपाने. एडिसन यांच्या कंपनीने आणि इतरांनीही त्याच्या नकला विकून पैसे केले. हक्कांचे रक्षण करण्यासाठी मेलिएस यांच्या भावाला, गास्तों यांना, १९०३ मध्ये न्यूयॉर्कला शाखा उघडावी लागली, आणि नाव खोडता येऊ नये म्हणून आपल्या कंपनीची चांदणीची खूण मेलिएस देखाव्यातच कोठेतरी मांडत. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने त्यांच्या शेकडो प्रती ताब्यात घेऊन वितळवल्या. १९२३ मध्ये, कर्जबाजारी होऊन मोंत्रय सोडताना, त्यांनी उरलेली निगेटिव्ह स्वतःच्या हाताने जाळली. ५०० हून अधिक चित्रपटांपैकी सुमारे २०० आज उरले आहेत, आणि ते उरले ते मुख्यतः इकडेतिकडे विखुरलेल्या प्रतींमुळे. इतक्या थोड्या साक्षीवर इतिहास उभा असताना तिच्यात भेसळ होऊ देणे परवडणारे नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये, कारण दादासाहेब फाळके याच परंपरेतले कारागीर होते. तेही जादूचे प्रयोग करत आणि त्यासाठी त्यांनी आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव घेतले होते. चित्रपट काढता येतो हे पटवून देण्यासाठी त्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट घेत चित्रण केले आणि कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखवली. विज्ञान आणि करामत यांची सांगड आपल्याकडे पडली ती त्या कुंडीपाशी. १९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये भयभीत कंसाला स्वतःचे शिर धडावेगळे होताना दिसते. मेलिएस यांची मुंडक्यांची युक्ती येथे पुराणकथेच्या कामी आली आहे. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, आणि तिची कालियाशी झुंज पाहताना काय कोठे जोडले असेल याचा शोध डोळा आपोआप घेऊ लागतो. हे चित्रपट विज्ञानकथा नव्हेत, पण त्यांची कारागिरी तीच आहे आणि धोकाही तोच आहे.

भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले आणि त्यांतले पूर्ण-अपूर्ण मिळून ३० च्या आसपास आज हाताशी आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले, तेथे दीर्घकाळ काम केलेल्या पी. के. नायर यांनी फाळके यांच्या रिळांचे तुकडे शोधून, जमवून तेथे आणले, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या (सहज पेट घेणाऱ्या जुन्या फितींच्या) साठ्याला आग लागून बरेच काही पुन्हा गेले. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे फाळके यांचे मूकपट कधीच लोकांचे झाले आहेत. तरीही अभ्यासकाला इंटरनेटवर सहज मिळतात त्या धूसर, चुकीच्या वेगाच्या, कोणत्या प्रतीवरून काढल्या याचा पत्ता नसलेल्या नकला. अशा नकलांवर कोणीही सुधारणेची प्रणाली चालवू शकतो, आणि चांगले काही उपलब्ध नसल्याने तीच आवृत्ती पुढच्या पिढीला फाळके यांची म्हणून ठाऊक होईल.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेतून सध्या स्कॅनिंग आणि जीर्णोद्धाराची कामे होत आहेत. त्यात मूकपट घेताना संग्रहालयाने हात न लावलेले संपूर्ण स्कॅन, फितीच्या कडा आणि छिद्रे दिसतील अशा रूपात, कोणालाही पाहता येईल असे ठेवावे. जीर्णोद्धार केलेली आवृत्ती त्याच्या शेजारी असावी आणि तिच्या आरंभी कोणत्या प्रती वापरल्या, वेग किती ठेवला, कोणत्या चौकटी नव्याने बनवल्या हे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले असावे. करामतीच्या जागचे जोड पुसू नयेत, ही अट कंत्राटदारासाठी स्वतंत्रपणे लिहिली जावी, कारण सफाई करणाऱ्या तंत्रज्ञाला जोड हा दोषच वाटणार आणि त्यात त्याची चूक नाही. यासाठी फार मोठा वेगळा खर्च येतो असेही नाही. कच्चे स्कॅन ही प्रत्येक जीर्णोद्धाराची पहिली पायरीच असते. पुढे लागते ती ते साठवण्याची जागा आणि ते लोकांसमोर ठेवण्याचा निर्णय, आणि हा निर्णय मूकपटांच्या पुढच्याच निविदेच्या अटींमध्ये घालता येईल.